ब्रिटनमध्ये वीज-गॅसचा फिक्स्ड प्लॅन बदलताय? आधी ४९ दिवस मोजा

स्वस्त प्लॅन दिसला की हात शिवशिवतात, पण जुना फिक्स्ड करार (ठराविक मुदतीसाठी दर बांधलेला) मध्येच सोडला तर एक्झिट फी बसते. ती बहुधा वीज आणि गॅस दोन्हींची वेगवेगळी असते. म्हणजे बिलावर ५० पौंड दिसले तर दोन्ही मिळून १०० धरायचे. मी पहिल्यांदा एकच धरले होते!

ब्रिटनची ऊर्जा नियामक संस्था ऑफजेमच्या नियमानुसार कराराच्या शेवटच्या ४९ दिवसांत कंपनी बदलली तर ही फी लावता येत नाही.

१. बिलावर किंवा ॲपमध्ये 'टॅरिफ एंड डेट', म्हणजे करार संपण्याची तारीख बघा.
२. तिथून ४९ दिवस मागे मोजा. करार ३० सप्टेंबरला संपत असेल तर १२ ऑगस्ट. फोनच्या कॅलेंडरमध्ये लगेच टाकून ठेवा.
३. त्या तारखेनंतर नव्या कंपनीकडे अर्ज करा. जुनीला कळवायचं काम नवीच करते. साधारण पाच कामाचे दिवस लागतात.
४. बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरचा फोटो काढा, आकडा नीट वाचता येईल असा. शेवटच्या बिलावरून वाद झाला तर तोच कामी येतो.

घाईच असेल तर उरलेल्या महिन्यांची बचत फीपेक्षा जास्त होते का, ते आधी कागदावर मांडा. स्टँडर्ड व्हेरिएबलवर, म्हणजे मुदत नसलेल्या, दर बदलत राहणाऱ्या प्लॅनवर असाल तर फीचा प्रश्नच नाही.

एक सांभाळा: जुनं बिल थकवू नका, थकबाकीवरून जुनी कंपनी बदल अडवू शकते.