अटलांटिकातलं वादळ कोल्हापुरातून बघताय? या चुका टाळा

भर समुद्रातल्या संभाव्य सबट्रॉपिकल वादळाचा (म्हणजे उष्णकटिबंधीय आणि थंड पट्ट्यातल्या वादळांचे गुण एकत्र असलेल्या वादळाचा) माग घेताना सगळ्यात जास्त घोळ घड्याळामुळे होतो. सकाळी सात वाजता ग्रुपवर कुणीतरी चित्र टाकतं, खाली लिहितं, "संपलं भावा, विरलं बघ." संध्याकाळी तोच भोवरा जागच्या जागी फिरत असतो. मग पुन्हा "नवीन तयार झालं" म्हणून धावपळ.

समजा भोवरा अटलांटिकातल्या अझोर्स बेटांच्या नैऋत्येला, ४० अंश पश्चिम रेखांशावर आहे. तिथला सूर्य उगवतो तेव्हा कोल्हापुरात दुपारचे साधारण दोन वाजलेले असतात आणि मावळतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन. म्हणजे आपल्या सकाळी तिथं गडद रात्र असते. त्या वेळी साधं दृश्य चित्र मिळत नाही, फक्त इन्फ्रारेड मिळतं. इन्फ्रारेडला कळतं ते तापमान. समुद्रालगतच्या बुटक्या ढगांचं तापमान पाण्याच्या तापमानाच्या जवळपास असल्याने भोवऱ्याचं केंद्र पार्श्वभूमीत मिसळून जातं. दिसतात ते फक्त उंचावरचे थंड ढग, आणि ते केंद्रापासून लांबही असू शकतात. म्हणून सकाळच्या चित्रावरून निकाल देऊ नका. रात्रीची जेवणं झाली की निवांत बसा, त्या वेळी तिथं भर दुपार असते. चित्रावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर तीत साडेपाच तास मिळवा. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं, इतकं ते उपयोगी पडतं.

दुसरी चूक म्हणजे डोळा, म्हणजे वादळाच्या मधलं शांत वर्तुळ, शोधत बसणं. आपल्या मनातलं वादळ तौक्ते आहे. मे २०२१ मध्ये कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकलेलं, केंद्राभोवती घट्ट आवळलेलं. सबट्रॉपिकल वादळाची बांधणी वेगळी असते. त्याच्यावर, वातावरणाच्या वरच्या थरात, बहुतेक वेळा थंड हवेचं कमी दाबाचं क्षेत्र असतं. सर्वांत जोराचा वारा केंद्राजवळ नसतो, सहसा १०० किलोमीटरहून लांब असतो. गडगडाटी ढगांचा पट्टा एका बाजूला आणि केंद्र उघडं, असं चित्र दिसलं तर "हे काही जमणार नाही" म्हणून सोडून देऊ नका. तीच त्याची ओळख असू शकते. वाऱ्याची खात्री करायची तर अ‍ॅसकॅट या उपग्रहावरच्या उपकरणाची नोंद बघा. समुद्राच्या पृष्ठभागावरून ते वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतं. ते एका फेरीत समुद्राचे दोन पट्टे टिपतं, त्यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. केंद्र नेमकं त्या मोकळ्या जागेत सापडलं, तर पुढच्या फेरीची वाट बघायची.

पाण्याच्या तापमानावरून फुली मारण्याचीही घाई होते. २६ अंशांच्या वर पाणी हवं, हा नियम उष्णकटिबंधीय वादळांपुरता. सबट्रॉपिकल वादळ त्याहून थंड पाण्यावरही उभं राहतं. सप्टेंबर २०२० मधलं अल्फा हे सबट्रॉपिकल वादळ तर थेट पोर्तुगालच्या किनाऱ्याला लागलं. उलट टोकाची चूक म्हणजे स्वल्पविरामासारखा प्रत्येक ढग वादळ ठरवणं. थंड आणि उबदार हवेची सीमारेषा अजून केंद्राला चिकटलेली असेल, तर ते सबट्रॉपिकल नाही. ती सुटली पाहिजे, आणि केंद्राच्या आसपासचे गडगडाटी ढग तासाभरात न विरता टिकले पाहिजेत.

संगणकावर अंदाज काढणाऱ्या हवामान मॉडेलबद्दल थोडक्यात. एकाच रनवर, म्हणजे मॉडेलने एका वेळी काढलेल्या अंदाजावर, विश्वास टाकू नका, दहाव्या दिवसाचं चित्र तर कुणाला दाखवूही नका. पहाटे साडेपाचचा जीएफएस या अमेरिकी मॉडेलचा रन हातात यायला नऊ वाजून जातात, तोवर आदल्या रनचंच चित्र नवं म्हणून फिरत असतं.

अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर देतं ती टक्केवारी वादळ तयार होण्याची असते. ते किती जोरदार होईल किंवा कुठं धडकेल, याच्याशी तिचा संबंध नाही. मार्गाचा शंकूही वादळाचा आकार दाखवत नाही, फक्त केंद्र कुठं असू शकेल ते दाखवतो. वादळाला नाव मिळण्यासाठी वाऱ्याची मर्यादा ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर. पण तिथं वारा एका मिनिटाच्या सरासरीने मोजतात, आपला हवामान विभाग तीन मिनिटांच्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. ब्राझीलजवळचं, म्हणजे दक्षिण गोलार्धातलं वादळ बघत असाल तर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरेल, त्यात काही बिघडलेलं नसतं.

आता ज्याची मला खरोखर काळजी वाटते ते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर असतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या घरात शिरला, त्यांना वादळाचं नुसतं लाल-जांभळं चित्र पाठवणं क्रूरपणा आहे. पंचगंगा फुगते ती गगनबावडा, राधानगरीकडच्या घाटातल्या मोसमी पावसाने. अझोर्सजवळच्या भोवऱ्याने तिची पातळी बोटभरही वाढत नाही. म्हणून स्क्रीनशॉट पाठवण्याआधी चित्रावरच ठळक लिहा: तारीख, भारतीय वेळ, "अटलांटिक महासागर", आणि "कोल्हापूरला धोका नाही". मेसेजमध्ये लिहिलेलं पुढे पाठवताना गळून पडतं, चित्रावर लिहिलेलं सोबत जातं.