नव्या वसाहतीत शेजार जुळवताना
30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातली अनेक गावे नव्या जागी वसली. घरे आखीव मिळाली, पण ओट्यावरचा जुना शेजार आपोआप आला नाही. म्हणून नव्या वसाहतीत गेल्यावर मंडळ काढण्याची घाई करू नये (अध्यक्ष कोण, यावरच पहिले भांडण होते). उन्हाळ्यात दाराशी झाकणाचा रांजण व लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, आठवडाभर तो स्वतः घासून भरावा आणि मग शेजारच्या घराला एक दिवसाची पाळी घेण्याची विनंती करावी, कारण मदत दिल्यापेक्षा मागितल्याने संकोच लवकर मोडतो. मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, म्हणजे शेतात पूजा करून तिथेच जेवण्याच्या या भागातल्या सणाला, शेत नसलेल्या एका तरी कुटुंबाला भज्जी (मिश्र भाज्यांची भाजी) व आंबिलीसाठी (ज्वारीच्या पिठाचे ताकातले पेय) आपल्या शेतात न्यावे. आमंत्रण फोनवर नको. उंबऱ्याशी जाऊन द्यावे.