कॅन्सरचं ऑपरेशन आणि सत्तरीतलं शरीर : तारखेआधीचे दिवस असे वापरा

‘वय झालंय, ऑपरेशन झेपेल का?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. वयावरून त्याचं उत्तर मिळत नाही. दादरच्या मंडईतून भाजी आणून दोन जिने चढणाऱ्या ७८ वर्षांच्या आजी, दिवसभर टीव्हीसमोर बसणाऱ्या ६६ वर्षांच्या काकांपेक्षा ऑपरेशनला जास्त तयार असू शकतात. अंगातली राखीव ताकद संपत आली असेल तर डॉक्टर त्याला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. अशा माणसाचं ऑपरेशन बहुतेकदा नीट होतं. गाडी अडते ती नंतर : न्यूमोनिया, भ्रम (अचानक भान हरपून गोंधळणं), तोल जाऊन पडणं, अंथरूण धरणं.

आधी घरीच अंदाज घ्या. हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवा. तिथून ३ मीटरवर खडूने रेघ मारा (दोन फुटी लाद्या असतील तर पाच लाद्या). नेहमीच्या चपला घालून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चाला. दुसरी चाचणी : हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं? सत्तरीत दहाच्या आत अडकत असतील तर मांड्यांत जोर उरलेला नाही. दोन्ही वेळी एक जण शेजारी उभा हवाच. वजनही बघा : ६० किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत नकळत ३ किलो उतरलं तर ती ‘डाएट’ची कमाई नव्हे.

हे आकडे कागदावर लिहून सर्जनना दाखवा आणि विचारा, ‘ज्येष्ठांच्या तपासणीला पाठवता का?’ परळच्या टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी वेगळी ओपीडी आहे. तिथे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, घड्याळ काढायला लावतात. घरचे यावर चिडतात. पण ज्यांची स्मरणशक्ती आधीच कमजोर आहे त्यांना ऑपरेशननंतर भ्रम होण्याची शक्यता जास्त, हे आधी कळलेलं बरं. मात्र ताकद भरून काढायची म्हणून तारीख आपल्या मनाने पुढे ढकलू नका. किती थांबता येईल ते गाठीवर अवलंबून आहे आणि ते सर्जनच सांगतील.

सगळ्यात मोठी गडबड जेवणात होते. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणि मोसंबी आणतो, आणि घरात ‘हलकं’ म्हणून पातळ वरण-भात चालू असतो. यात प्रथिनं जवळपास नाहीतच. अशा वेळी दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ६६ ते ८२ ग्रॅम. हिशेब असा जमतो : दोन अंडी १२, पाव लिटरचे दोन पेले दूध १६, १०० ग्रॅम पनीर १८, घट्ट डाळीच्या किंवा उसळीच्या दोन वाट्या १२ ते १४, तीन पोळ्या ९ ते १०. मासे खाणाऱ्या घरात पनीरच्या जागी १०० ग्रॅम सुरमई. एका बैठकीला संपत नसेल तर सहा वेळा थोडं थोडं द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. घास अडकत असेल, तोंड उघडत नसेल तर घरगुती पेजेवर दिवस काढू नका. आहारतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जा.

खाल्लेलं अंगी लागायला हालचाल हवी. गॅलरीत का होईना, दहा-दहा मिनिटं तीनदा चालणं, आणि खुर्चीतून ८-१० वेळा उठण्याच्या दोन-तीन फेऱ्या. छातीत दुखलं, गरगरलं किंवा बोलता येईना इतकी धाप लागली तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवा. फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन प्लॅस्टिकच्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र आणलं की निम्मे लोक त्यात फुंकतात! त्यातून हवा आत ओढायची असते : सावकाश, मग तीन ते पाच सेकंद धरून ठेवायची. ही सवय आधी लागली तर पोटावर टाके असताना जमते.

आजार कळला त्या दिवशीच तंबाखू बंद. मशेरीसुद्धा तंबाखूच आहे. विचारल्यावर बायका ती सांगत नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारा.

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवा : काढे, चूर्णं, सर्दीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, सगळं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या भ्रम वाढवतात, पण वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी एकदम तोडली तरीही भ्रम होतो. रक्त पातळ करणारं औषध कधी थांबवायचं ते तेच ठरवतील. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोह शिरेतून देता येईल का विचारा; गोळ्यांनी ते भरायला आठवडे-महिने जातात. उपाशी किती वेळ राहायचं हेही लिहून घ्या. साधारणपणे अन्न ६ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत.

हॉस्पिटलच्या पिशवीत चष्मा, कानाचं यंत्र (जास्तीच्या सेलसह), कवळीची डबी आणि मोठ्या आकड्यांचं घड्याळ ठेवा. शुद्ध आल्यावर हे लगेच परत लावून द्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत माणूस बरळू लागला तर सगळे धावतात. पण जो गप्प पडून राहतो, जेवत नाही, झोपाळलेला असतो, त्याला ‘शांत आहेत’ म्हणून सोडून देतात. हाही भ्रमच असू शकतो, नर्सना लगेच सांगा.

घर लिफ्टविना तिसऱ्या मजल्यावर असेल तर सुट्टी मिळण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून वॉर्डातच जिना चढवून घ्या. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची आणि मोरीत रबरी पायपुसणं आधीच आणून ठेवा. घरी आल्यावर १००.४ अंशांवर ताप, एकाच पायाला सूज, धाप किंवा जखमेतून पू दिसला तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.