देवराईचा हिशेब ग्रामसभेत कसा मांडायचा

आमचं गाव भुदरगड तालुक्यातलं. नवा रस्ता देवराईतनं काढायचा की ओढ्याकडनं वळवायचा, यावर ग्रामसभा बसणार होती आणि हिशेबाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिली चूक माझीच. अख्ख्या राईची किंमत काढायला बसलो. तसं करू नका. झाडं तोडली तर काय कमी होईल, तेवढंच मोजा. आमच्याकडं ते म्हणजे राईच्या पायथ्याचा झरा.

झरा मे महिन्यात मोजा. पावसाळ्यात कुठलाही झरा श्रीमंत दिसतो. पंधरा लिटरची कळशी धारेखाली धरायची, मोबाईलवर सेकंद मोजायचे, तीनदा मोजून सरासरी काढायची. आमची कळशी ४० सेकंदांत भरली. दिवसाला ३२,४०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापानं ५८९ जणांचं पाणी. असं सांगितलं की माणसं ऐकतात. 'परिसंस्था सेवा' (निसर्गाकडनं फुकट मिळणारे फायदे) म्हटलं की तंबाखू मळायला घेतात.

पण हे सगळं श्रेय झाडांचं नव्हे. त्याच दिवशी, तीच कळशी घेऊन उघड्या टेकडीखालच्या झऱ्यावर गेलो. १०० सेकंद लागले. फरक १९,४४० लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरचे टँकर रोज जवळजवळ दोन. खडक, उतार वेगळा असतो, म्हणून पुढं 'अंदाज' लिहा. रात्रीचं पाणी टाकीत साठत असेल तरच धरा. टँकरचा भाव तोंडी नको, उन्हाळ्यातल्या पावतीवरचा घ्या. आणि पाणी एकदा मोजलं की त्यावर पिकलेलं भात परत मोजू नका, बेरीज फुगते.

मग कुणाला काय मोलाचं वाटतं ते बघायला चिंचोके. प्रत्येकाला वीस द्यायचे, जमिनीवर खडूनं झरा, सरपण, मध, रस्ता, देव असे चौकोन काढायचे, हवे तिथं ठेवू द्यायचे. बायकांचा डाव वेगळा मांडा. आमच्यात बाप्यांचे चिंचोके रस्त्यावर, बायकांचे झऱ्यावर. एकत्र बसवलं असतं तर हे दिसलंच नसतं.

देवाच्या चौकोनाशी एक म्हातारी आक्का थबकली. "देवाचा भाव करतोस व्हय रं?"

तक्त्यात त्या रकान्यात शून्य लिहू नका, साहेब ते बेरजेत धरतात. मी तिथं आक्काचं वाक्यच लिहिलं.