लायपोसक्शननंतर छिद्र गळतंय? बोळा कोंबू नका

नाशिकला कॉलेज रोडच्या एका हॉस्पिटलमधून वहिनीला इंदिरानगरला घरी आणलं. रात्री साडेदहाला आई ओरडली, "अगं, गादी बघ, रक्तानं भिजलीय!" पोटाचं लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं; नळीसाठी पाडलेल्यांपैकी खालची दोन छिद्रं टाके न घालता उघडी. मी कापसाचे बोळे दाबून बसवले, वर चिकटपट्टी आवळली. गळणं थांबलं, मी खूश. सकाळी ओटीपोट टम्म. डॉक्टरांनी पट्टी सोडली तसं पाणी भळाभळा आलं, आणि मला बोलणीही बसली.

गळतं त्यात रक्त अगदी कमी असतं. चरबी ओढण्याआधी सलाइनमध्ये लिडोकेन (बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) मिसळून तिथे भरतात. ही ट्युमेसंट पद्धत अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७मध्ये प्रसिद्ध केली. यातलं बरंच पाणी आतच राहतं. लोटाभर पाण्यात चिमूटभर कुंकू पडलं तरी पाणी लाल दिसतं, तसाच हा प्रकार. वाट मोकळी असली की ते निघून जातं, सूज आणि काळे-निळे डाग कमी राहतात. वाट बुजवली की शरीराला ते सावकाश शोषावं लागतं. कधी साचूनच बसतं, त्याला सेरोमा म्हणतात, मग सुईने काढायची वेळ येते.

म्हणजे टाके घालणारे डॉक्टर चुकीचे, असं नाही. एक-दोन मिलिमीटरचं भोक आपोआप मिटतं. जाड नळीसाठी घेतलेला मोठा छेद उघडा ठेवला तर व्रण वाईट दिसू शकतो. काही जण वरचे छेद शिवतात, सगळ्यात खालचा मोकळा ठेवतात. पाणी उताराकडेच जाणार ना! त्यामुळे "शेजारणीला टाके होते, तुला का नाहीत?" ही चर्चा फुकटची. ऑपरेशनआधी विचारायचं ते एवढंच: कोणतं छिद्र उघडं राहणार आणि किती दिवस गळेल? जोर बहुधा पहिले एक-दोन दिवस असतो. बाळंतिणीच्या खोलीत घालतात ते मेणकापड, जुन्या चादरी आणि मोठे शोषक पॅड आधीच आणून ठेवा. गाडीच्या सीटवरही अंथरा.

छिद्रावर हळद नको. जखम पूर्ण मिटेपर्यंत टबात बसणं, पोहणं नाही. रामकुंडातली डुबकीही नाही, आईला कितीही वाटलं तरी.

पातळ गुलाबी पाणी चालेल. घट्ट लालभडक रक्त, पॅडमागून पॅड भिजणं, पू, घाण वास, ताप, पसरत जाणारी लाली किंवा वाढत जाणारं दुखणं असेल तर डॉक्टरांना लगेच फोन करा. दम लागला, छातीत दुखलं किंवा एकाच पोटरीत कळ आणि सूज आली तर फोनवर वेळ न घालवता थेट इमर्जन्सीत न्या.

ऑपरेशननंतर पोटावर घट्ट घालतात तो प्रेशरचा पट्टा पहिल्यांदा काढताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. वहिनी उपाशीपोटी, उभ्यानेच काढायला गेली आणि बाथरूमच्या दारात कोसळली. पुढच्या वेळी आधी चहा-बिस्किटं दिली, स्टुलावर बसवलं आणि पट्टा मीच उतरवला.