कॅसेट संगणकावर उतरवताय? कोकणातल्या घरात या चुका टाळा

माळ्यावरचा कॅसेटचा खोका खाली उतरतो तो बहुतेक घरांत गणपतीला. चाकरमानी आलेले असतात, कुणाकडे तरी लॅपटॉप असतो, आजोबांच्या भजनाची किंवा जत्रेतल्या दशावताराची कॅसेट हाती लागते आणि मागून आवाज येतो, "लावन बघ मरे, वाजता काय ती!" या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक ती हीच. भर भाद्रपदातली दमट हवा, कित्येक वर्षं बंद पडलेला टेप आणि त्यात घरातली एकुलती एक कॅसेट.

कॅसेट डिजिटल करणं हे संगणकाचं काम, असं आपण धरून चालतो. खरं तर संगणकाचा वाटा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा. फीत टेपच्या हेडवरून, म्हणजे आवाज वाचणाऱ्या धातूच्या तुकड्यावरून, सरकताना जे उचललं गेलं नाही, ते पुढे कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणूनच खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका लॅपटॉप उघडण्याआधीच्या आहेत.

बुरशी न बघताच प्ले दाबणं

कॅसेट उजेडात धरा आणि मधल्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड बघा. कड एकसारखी तपकिरी आणि गुळगुळीत दिसली तर ठीक. पांढरट ठिपके, भुकटी किंवा बारीक धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले महिने खारं वारं, त्यामुळे कपाटात नीट ठेवलेल्या कॅसेटही सुटत नाहीत. अशी कॅसेट टेपात लावली की बुरशी हेडवर आणि रबरी रोलरवर बसते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती नाकातोंडात जाणंही चांगलं नाही, दम्याच्या माणसाने तर लांबच राहावं. मास्क लावून, पडवीत किंवा अंगणात बसूनच अशा कॅसेटला हात घाला.

वाळवायची म्हणून उन्हात ठेवू नका. कॅसेट म्हणजे आमसुलं नव्हेत. उन्हाने प्लास्टिकचं कवच वाकतं आणि आतल्या चिकटवलेल्या गोष्टी सुटतात. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपायही नको, तांदळाची भुकटी आत जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि कॅसेट एकत्र ठेवा, आठवडाभर विसरून जा. बुरशी सुकली की मऊ ब्रशने कडा झाडा आणि मग एखाद्या मोडक्यातोडक्या टेपवर फीत एकदा पुढे, एकदा मागे गुंडाळून घ्या. चांगला डेक, म्हणजे ज्यावर नंतर रेकॉर्डिंग उतरवायचं तो टेप, या कामाला वापरायचा नाही. ओव्हनमध्ये फीत भाजण्याचा सल्ला कुठेतरी वाचायला मिळेल. तो ज्यांचा चिकटा सुटतो अशा काही जुन्या स्टुडिओतल्या मोठ्या रिळांसाठी आहे, तोही ठरावीक तापमान राखणाऱ्या यंत्रात. घरच्या कॅसेटचा त्याच्याशी संबंध नाही.

शक्य असेल तर हे सगळं काम दिवाळीनंतर काढा. हवा कोरडी असते, विजेचा लपंडाव कमी असतो, आणि घाई करायला घरात पाहुणे नसतात.

पहिला प्रयोग मौल्यवान कॅसेटवर करणं

जुन्या टेपमधला रबरी बेल्ट वर्षानुवर्षं पडून ताणतो, कधी वितळून डांबरासारखा होतो. गुंडाळणारं चाक फिरत नाही, पण फीत मात्र पुढे ढकलली जात राहते, आणि मग रीळ बाहेर येऊन रोलरला गुंडाळी मारते. म्हणून आधी जिचं काही झालं तरी चालेल अशी एखादी सिनेमाची कॅसेट लावा. दोन्ही बाजू पूर्ण वाजू द्या. पुढे-मागे करून बघा. आवाज डुलत असेल तर बेल्ट बदला. रेडिओ दुरुस्त करणारी माणसं तालुक्याच्या गावी अजून आहेत.

कॅसेटवर ९० लिहिलंय की ६०, हेही बघून ठेवा. ६० मिनिटांच्या कॅसेटमधली फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, ९०ची १२, आणि १२० मिनिटांची जेमतेम ९. जितकी जास्त मिनिटं तितकी नाजूक. १२०ची कॅसेट फास्ट फॉरवर्डवर टाकूच नका.

एरवीही वर्षांनंतर पहिल्यांदा गुंडाळताना षटकोनी पेन्सिल घालून हाताने थोडं फिरवा. फीत सैल असेल तर घट्ट होते, कुठे चिकटली असेल तर ते हाताला कळतं. सुरुवातीची पारदर्शक पट्टी आणि फीत यांचा जोड जुना झालेला असतो. मोटरच्या झटक्याने तो तिथेच सुटतो. सुटला तर साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद कडेने ओघळतो आणि वरच्या-खालच्या थरांना चिकटतो. ऑडिओ टेप जोडायची वेगळी पट्टी मिळते, तीच वापरा.

अजून एक, आणि यावर वेळ घालवायचा नाही: कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे कान मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

"जुनी आहे, आवाज असाच येणार"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. आवाज गढूळ येतो, झांज ऐकू येत नाही, शब्द ओठांत राहतात, आणि दोष वयाला दिला जातो. बहुतेक वेळा कारण तीन जागी सापडतं.

पहिली जागा म्हणजे हेडवरची घाण. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मिळतं, कानात घालायच्या कापसाच्या काडीने हेड आणि शेजारची धातूची उभी दांडी पुसा, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत. रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर, अत्तर, खोबरेल यांपैकी काहीही नको. रोलर फिरताना कुरकुरतो म्हणून त्याला तेल सोडणारे लोक आहेत. त्यानंतर त्या टेपात चांगली कॅसेट घालायची सोय राहत नाही.

दुसरी जागा कॅसेटच्या आत. फितीमागे पितळी पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन असतो, तो फीत हेडला दाबून धरतो. दमट हवेत त्याचा गोंद सुटतो आणि चौकोन गळून पडतो. आवाज लांबून आल्यासारखा होतो, मध्येच बुडतो. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर ती उघडून दोन्ही चाकं फितीसकट दुसऱ्या, चांगल्या कवचात हलवता येतात. खाली पांढरा कागद, दार-खिडक्या बंद, पंखा बंद. वाजताना चिरचिर करणाऱ्या कॅसेटलाही बऱ्याचदा हाच उपाय लागू पडतो. स्क्रू खाऱ्या हवेने गंजलेले असतील तर जोर लावू नका, आणि चुंबक लावलेला स्क्रूड्रायव्हर फितीजवळ नेऊ नका.

तिसरी जागा हेडच्या बाजूचा एक स्क्रू, आणि तिथे बहुतेक जण कधी पोहोचतच नाहीत. हेड फितीला बरोबर काटकोनात असावं लागतं; किंचितही तिरकं झालं तरी तीव्र स्वर आधी जातात. पण काटकोन कुणाचा? ज्या टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रावर) १९८५ साली मंदिराच्या सभामंडपात रेकॉर्डिंग झालं, त्याचं हेड मुळात तिरकं असेल, तर तुमचं हेडही तेवढंच तिरकं करावं लागणार. म्हणजे दर कॅसेटला वेगळं. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला जो छोटा स्क्रू असतो तो हा. अनेकदा त्यावर लाल किंवा पांढऱ्या रंगाचा ठिपका असतो. आधी तो कुठे आहे याची खूण करा. कॅसेट वाजत असताना कानाला हेडफोन लावून अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवा. झांज किंवा 'स', 'श' यांकडे लक्ष द्या. एका ठिकाणी आवाज एकदम उघडतो, चाळणीमागून बोलणारा माणूस समोर येऊन बसावा तसा. तिथे थांबा. काम झालं की खुणेवर परत आणा. या एका स्क्रूने जे साधतं ते नंतर इक्वलायझरच्या पन्नास कळा फिरवून साधत नाही.

हेडफोनची वायर लॅपटॉपच्या माइकमध्ये खुपसणं

लॅपटॉपचं भोक माइकसाठी आहे. ते बहुधा एकाच चॅनेलचं असतं आणि त्याला फार क्षीण सिग्नल अपेक्षित असतो. टेपचा आवाज तिथे घातला की तो फाटतो. जुन्या डेस्कटॉपला मागे तीन रंगांची भोकं असतात, त्यातलं निळं म्हणजे लाइन-इन, ते चालतं, गुलाबी माइकचं. लॅपटॉप असेल तर लाइन-इन असलेली यूएसबी ऑडिओ पेटी घ्या. स्वस्तातल्या काडीएवढ्या यूएसबी साउंड कार्डांना बहुधा माइकचंच भोक असतं, घेताना विचारा. कॅसेट घालायची सोय असलेले यूएसबीचे छोटे खेळण्यातले वॉकमनही मिळतात. त्यांचा वेग डुलतो, चार भजनांच्या पलीकडे त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि स्पीकरसमोर मोबाइल धरणं म्हणजे डिजिटल करणं नव्हे, त्यात घरचा कुत्राही येतो.

डेकला लाइन-आउट असेल तर तिथूनच घ्या. नसेल तर हेडफोनच्या भोकातून, आवाज अर्ध्याच्या आत, बास-ट्रेबल मधोमध. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुतेकदा तिथेच थांबतो. शिवाय बॅटरीवर चालू असलेला लॅपटॉप लाइट गेली तरी बंद पडत नाही.

विंडोजमध्ये रेकॉर्डिंगच्या साधनाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद करा. ती सुविधा बोलण्यासाठी आहे. तिला पखवाज म्हणजे गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकते. आवाज आपोआप कमी-जास्त होतोय, लांबलेला सूर विरतोय, अशी तक्रार असेल तर कारण हेच.

सुरुवातीचा आवाज बघून पातळी ठरवणं

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. स्टिरिओ, ४४,१०० हर्ट्झ. यूएसबी पेटीला जमत असेल तर २४ बिट, नाहीतर १६. पातळी लावताना दशावताराचं उदाहरण घ्या. सुरुवातीला गणपती, मग संकासुराची थट्टा, आवाज मध्यम. त्यावरून पातळी ठरवली, की पहाटेकडे युद्ध लागतं, झांज-पखवाज एकदम चढतात, आणि लाटांची टोकं वरून कापली जातात. कापलेलं टोक परत जोडता येत नाही. म्हणून कॅसेटमधली सर्वांत जोराची जागा आधी शोधा आणि ती उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. आवाज नंतर वाढवता येतो.

एक बाजू सलग रेकॉर्ड करा, मध्ये थांबवू नका. तुकडे नंतर पाडा. लॅपटॉपची झोप बंद, वाय-फाय बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. डेकवर डॉल्बीचं (खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण असेल तर बंद ठेवा, कारण गावातल्या टू-इन-वनवर डॉल्बीत रेकॉर्ड केलेलं जवळपास नसतंच. मागे कुणीतरी उलटं बोलतंय असं ऐकू आलं तर ते भूत नव्हे: हेड वर-खाली सरकल्यामुळे दुसऱ्या बाजूचा पट्टा वाचतंय, नाहीतर फीत कवचात पलटी खाऊन पाठीने वाजतेय.

जत्रेत सेलवर चाललेल्या टेपवरच्या रेकॉर्डिंगचा आणखी एक घोळ असतो. सेल उतरत गेले की फीत हळू सरकत होती. आता ती नेहमीच्या वेगाने वाजते तेव्हा बुवांचा आवाज शेवटाकडे बारीक आणि घाईचा होतो. उपाय बुवांच्या साथीच्या पेटीत, हार्मोनियममध्ये, सापडतो. तीच पेटी किंवा बुवांची पट्टी घरात कुणाला ठाऊक असेल तर त्या सुराशी जुळवा. मात्र त्यासाठी नुसता पिच बदलू नका. वेग आणि सूर एकत्र बदलणारं साधन वापरा, नाहीतर सूर जुळेल आणि ठेका चुकेल.

खरखर पूर्ण काढण्याचा हट्ट

नॉइज रिडक्शन थोडंच करा. शांत जागेचा नमुना देऊन सहा-आठ डेसिबल खरखर उतरवली की पुरे. त्यापुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि तंबोऱ्याची आस खरखरीबरोबर निघून जाते. आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या कॅसेटवर तर असा हट्ट अगदीच व्यर्थ; मीडियम वेव्हवरून जे आलं तेवढंच त्यात आहे. हात न लावलेली मूळ फाइल वेगळी ठेवा, साफसफाई नेहमी प्रतीवर.

मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये हवी, या प्रकारांत आवाजातलं काही गाळलं जात नाही. सोळा बिट स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी घेते, म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट ९५० एमबीच्या आसपास. फ्लॅक साधारण निम्म्यात बसते. नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री करा. फक्त एमपीथ्री ठेवून वेव्ह पुसली, तर पुढे कुणाला नीट साफ करायचं असेल तेव्हा पुन्हा कॅसेटच शोधावी लागेल. आणि सगळं एकाच पेन ड्राइव्हवर टाकून तो खोक्यात ठेवू नका. एक प्रत गावच्या घरात, दुसरी मुंबईला कुणाकडे तरी, हार्ड डिस्कवर.

फाइलला 'ट्रॅक १' असं नाव राहू देऊ नका. कॅसेटवरची चिठ्ठी फोटो काढून फाइलसोबत ठेवा, बाजू 'अ' की 'ब' ते लिहा. रात्रभराचा दशावतार चार कॅसेटवर पसरलेला असतो आणि त्यांचा क्रम चिठ्ठीवर बहुधा नसतो. तो आख्यान ठाऊक असलेल्या माणसाला ऐकवूनच लावावा लागतो. गाणारं कोण, पेटीवर कोण, हे आत्याला किंवा शेजारच्या काकांना फोनवर ऐकवा आणि ते सांगतील तसं त्याच वेळी त्याच फोल्डरमध्ये लिहून टाका.