रणगाड्याचा सिनेमा पाहायचा तर आधी जागा वाटून घ्या

नगरला दुपारी खिडकीची तावदानं थरथरली तर कुणी मान वर करून बघत नाही. लष्कराच्या के. के. रेंजवर तोफांचा सराव चालू असणार, हे पोरासोरांनाही कळतं. त्या आवाजात मी वाढलो, पुढं एमआयडीसीत २७ वर्षं लेथवर आणि मिलिंगवर काढली. रणगाड्यांचं वेड या दोन्हींमुळं लागलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही चार-पाच जण माझ्या घरी युद्धपट लावतो. शेजारचे दफेदार काकाही येतात. वय ऐंशीच्या पुढं. १९६५ मध्ये, ऐन विशीत, ते शर्मन या अमेरिकी बनावटीच्या रणगाड्यावर लोडर, म्हणजे तोफेत गोळे भरणारे, होते.

डेव्हिड एअर यांनी दिग्दर्शित केलेला २०१४ चा ‘फ्यूरी’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या एका अमेरिकी शर्मनची आणि त्यातल्या पाच जणांची गोष्ट; त्या गाड्याचं नावही फ्यूरीच. तो आम्ही पहिल्यांदा लावला तेव्हा दहाव्या मिनिटाला वाद पेटला. एक म्हणे पट्टे बरोबर आहेत, दुसरा म्हणे इंजिनाचं झाकण चुकलंय. मीही त्यात पुढं होतो. काकांनी रिमोट मागून घेतला, चित्र थांबवलं आणि विचारलं, “आत्ता या टँकमध्ये कुणाला काय दिसतंय, ते सांगा बरं.” आम्हाला एकालाही सांगता येईना.

त्या दिवसापासून आमची पाहण्याची रीत बदलली. तीच इथं लिहितो. उदाहरण ‘फ्यूरी’चंच घेतो आणि शेवटासकट सगळं सांगतो, म्हणून ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी एकदा सरळ पाहून यावा. पहिल्या वेळी वही नको, थांबवाथांबवी नको.

दुसऱ्या वेळेआधी खडू घ्या. फरशीवर १७५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. शर्मनचा बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा भाग, ज्या गोल कड्यावर फिरतो त्याचा व्यास ६९ इंच, म्हणजे एवढाच. मधोमध एखादी लोखंडी ट्रंक ठेवा, ती तोफेची मागची बाजू समजायची. आता तोफेच्या उजवीकडं पुढं तोफेचा नेम धरणारा गनर, त्याच्या पाठीला गुडघे लागतील असा मागं कमांडर, आणि डावीकडं लोडर असे तिघं आत बसा. वर्तुळाबाहेर पुढं डावीकडं ड्रायव्हर आणि उजवीकडं सहायक ड्रायव्हर, ज्याच्याकडं पुढची मशिनगन असते. झाले पाच. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या मित्राचं कोपर सारखं ट्रंकेवर आपटत होतं. खरी तोफ डागल्यावर मागं झटका देते, तिथं कोपर ठेवणाऱ्याचा हात गेलाच.

लोडर झालेल्यानं पिठाची दहा किलोची पिशवी उचलून पाहावी. फ्यूरीवरच्या ७६ मिमी तोफेचा चिलखतभेदी गोळा काडतुसासकट ११ किलोंच्या आसपास भरतो. तो वाकून खालून काढायचा, त्या अरुंद जागेत फिरवायचा, तोफेत सारायचा, आणि गाडा तेव्हा शेतातून उसळ्या घेत चाललेला असतो. खालून का, तर १९४४ पासूनच्या नव्या शर्मनमध्ये गोळे बाजूच्या भिंतींवरून काढून तळाशी नेले आणि त्यांच्याभोवती पाण्याचं मिश्रण भरलेले कप्पे केले. जुन्या मांडणीत गोळा लागलेल्या शर्मनपैकी ६० ते ८० टक्के पेट घेत. नव्या मांडणीत ते प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर आलं, असं अमेरिकी लष्कराच्या पाहणीत दिसलं. ‘शर्मन म्हणजे काडेपेटी’ हे वाक्य आमच्या गटातही फार ऐकू यायचं. आता ते म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुठल्या सालचा शर्मन?

आता प्रत्येकानं एक जागा घ्यायची आणि पूर्ण सिनेमा त्या एकाच माणसाच्या नजरेनं पाहायचा. वहीचं पान त्याच्याच नावचं. प्रत्येक प्रसंगात लिहायचं: याला आत्ता काय दिसतंय, काय ऐकू येतंय, आणि त्यावरून तो काय करतोय. एका रविवारी एकच जागा. घाई केली तर पुन्हा पट्टे आणि चाकं मोजत बसाल, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

सुरुवात सहायक ड्रायव्हरपासून करा. सिनेमात हा नॉर्मन, टायपिस्टचं काम शिकलेला पोरगा, एप्रिल १९४५ मध्ये थेट रणगाड्यात टाकलेला. पहिलं काम काय, तर आधीच्या माणसाचं रक्त त्या जागेवरून पुसणं. त्याच्या मशिनगनला नेम धरायची दुर्बीणच नसते. वरच्या पेरिस्कोपातून बाहेर बघायचं, चाप ओढायचा आणि प्रकाशरेषा सोडणाऱ्या गोळ्या कुठं पडतात ते पाहून नळी हलवायची. सिनेमातल्या लाल-हिरव्या रेषा पाहून अनेकांना ते अंतराळातलं युद्ध वाटलं. पण त्या रेषाच त्या जागेवरच्या माणसाचा नेम असतात. गनरच्या चिलखतभेदी गोळ्याच्या बुडालाही तसाच पेटता मसाला असतो, म्हणजे मारा वर गेला की खाली ते कळतं. मला स्वतःला त्या रेषा फार आवडल्या. रंग थोडा भडक आहे, एवढं मान्य.

नॉर्मनच्या पानावर सगळ्यात महत्त्वाची नोंद सुरुवातीच्या हल्ल्याची. झुडपात शस्त्र घेतलेली पोरं त्याला दिसतात आणि तो चाप ओढत नाही. पुढच्या क्षणी रांगेतला पहिला गाडा पेटतो. पाच जणांत ज्याला दिसलं त्यानं काही केलं नाही, आणि ज्यांनी केलं असतं त्यांना दिसलं नाही. हा प्रसंग आम्ही थांबवून चार वेळा पाहिला. रणगाड्याच्या आत माणसं एकमेकांवर कशी अवलंबून असतात, हे यापेक्षा नीट मी कुठं पाहिलेलं नाही.

ड्रायव्हरचं पान लवकर भरतं. झाकण बंद झालं की पेरिस्कोपातून समोरची एक पट्टी दिसते, बाकी कमांडर कानात सांगेल ते. पण ज्या दृश्यात ड्रायव्हर न सांगता बरोबर वळण घेतो, तिथं खूण करा. असा कमांडर-ड्रायव्हरचा मेळ महिनोन्‌महिने एकत्र राहिल्याशिवाय येत नाही, असं काकांचं म्हणणं.

मग टायगर या जर्मन रणगाड्याचा प्रसंग. इथं एक पूर्ण रविवार द्या.

आधी कौतुक. हा टायगर खराखुरा आहे, पत्र्याचा सांगाडा चढवलेला दुसरा रणगाडा नाही. ब्रिटिशांनी तो एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला. आज तो इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातल्या बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये आहे, क्रमांक १३१, आणि स्वतःच्या बळावर चालतो. जन्मभर यंत्रांत हात घातलेल्या माणसाला ते ५७ टनांचं धूड गवतातून सरकताना पाहून काय वाटतं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता वही. चार शर्मन, एक टायगर. टायगरच्या पुढच्या चिलखताची जाडी १०० मिमी, बाजूंची ८० मिमी, तोफ ८८ मिमी. बहुतेक हौशी मंडळी इथं जाडी आणि तोफ यांची गणितं मांडतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. तुम्ही आधी बुरूज फिरायचा वेळ मांडा. शर्मनचा बुरूज पूर्ण फेरी १५ सेकंदांत मारतो. टायगरचा बुरूज इंजिनाच्या वेगावर चाले, आणि जोरात चालवूनही एक मिनिट लागे. त्यामुळं शर्मननं जवळ जाऊन मागं पोचायची धडपड करणं पटण्यासारखं आहे. बाजूनं, मागून, जवळून ७६ मिमीचा गोळा टायगरला भेदतो.

प्रश्न टायगरच्या वागण्याचा आहे. आडोशाला उभा आहे, अंतर त्याच्या सोयीचं आहे, पहिला गोळा त्यानं मारलाय. मग तो पुढं का येतो? आमच्यात यावर दीड तास भांडण झालं. एकाचं म्हणणं, शर्मननी धूर सोडला, टायगरच्या कमांडरला दिसेना, म्हणून तो धुरातून बाहेर आला. मला हे काही काळ पटलं होतं. काकांनी मान हलवली. “दिसेनासं झालं तर माणूस मागं सरतो, पोरांनो. धुरात पुढं जाणारा धुरापलीकडं काय आहे ते आधीच ओळखून असतो, नाहीतर मरतो.” मी वहीत लिहिलं: टायगर पुढं आला तो दोन्ही गाडे एका चौकटीत दिसावेत म्हणून. ही माझ्या मते सिनेमातली पहिली गंभीर चूक, कारण इथं माणसाला काय दिसतंय याच्याशी त्याच्या कृतीचा मेळ तुटतो.

याच टायगरवर दुसरी एक चूक आहे, आणि ती मी सोडून देतो. क्रमांक १३१ सुरुवातीच्या बनावटीचा आहे. त्याच्या कमांडरच्या डोक्यावर उंच डब्यासारखं टोपण आहे, बघायला अरुंद फटी. १९४३ च्या उन्हाळ्यापासून बुटकं, पेरिस्कोपवालं टोपण आलं. १९४५ मध्ये जर्मनीत लढणारा टायगर तसा असायला हवा, चाकंही पोलादी कडांची. पण जगात चालता टायगर हा एवढाच, तो जसा आहे तसा घ्यावा. फ्यूरीचंही तसंच. अमेरिकी तुकड्या युरोपात शर्मनचा पेट्रोल इंजिनाचा प्रकार, एम४ए३ई८, वापरत. सिनेमातला गाडा डिझेल इंजिनांचा एम४ए२ई८ आहे, म्हणून मागच्या झाकणाची मांडणी वेगळी दिसते. आमच्या मित्राचं बरोबर होतं. पण त्यानं कुणाच्या नजरेत, कुणाच्या हातात काही फरक पडत नाही.

चिलखताच्या जाडीवर निकाल लावायची सवय मोडायची असेल तर आपल्याकडची १९६५ ची, पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळची लढाई वाचा. ८ ते १० सप्टेंबरच्या त्या लढाईत आपल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभे होते. पॅटन नवा, तोफ ९० मिमी. पण उंच ऊस, पाणी सोडलेली शेतं, आणि आपले गाडे आधीच दबा धरून बसलेले. बंद झाकणाखालच्या माणसाला उसाशिवाय काय दिसणार?

पाच खुर्च्यांची सवय झाली की तीन खुर्च्यांचा सिनेमा घ्या. २०२३ चा ‘पिप्पा’ नोव्हेंबर १९७१ मधल्या गरीबपूरच्या (आजच्या बांगलादेशातल्या) लढाईवर आहे, आपल्या ४५ कॅव्हलरी रेजिमेंटच्या पीटी-७६ रणगाड्यांचा. हा १४ टनांचा, पाण्यावर तरंगणारा, पातळ चिलखताचा गाडा. आत तिघंच: ड्रायव्हर, लोडर आणि कमांडर. कमांडरच तोफ डागतो. म्हणजे दुर्बिणीला डोळा लावला की आजूबाजूचं रान त्याला दिसत नाही, आणि रान पाहिलं की तोफ थांबते. तिथंही वहीत तेच लिहा: या क्षणी याचा डोळा कुठं आहे?

नगरला आलात तर कॅव्हलरी टँक म्युझियम चुकवू नका. १९९४ पासून ते इथं आहे. उन्हाच्या आधी, सकाळी जा. फलकावरचे आकडे घरीही वाचता येतील. तिथं गाड्यासमोर उभं राहून झाकणं शोधा. किती आहेत, केवढी आहेत, कुणाचं झाकण तोफ एका बाजूला वळली की अडतं. स्वतःचे खांदे त्यातून जातील का, ते नजरेनं मोजा.

आणि ओळखीत कुणी रणगाड्यावर नोकरी केलेले असतील तर त्यांना ‘हे खरं आहे का हो?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. ‘तुमची जागा कुठली होती?’ असं विचारा आणि गप्प बसा. किती माणसं मेली, कुणी मारली, हे कधीच विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते चहा संपल्यावर सांगतात.

राहिला शेवट. सुरुंगावर पट्टा तुटलेला एकटा शर्मन, चौरस्ता, आणि चालून येणारे हिटलरच्या एसएस दलाचे सुमारे ३०० सैनिक. वही सगळ्यात जास्त इथं भरते. त्या सैनिकांकडं पान्झरफाउस्ट, म्हणजे हातात धरून डागायची रणगाडाभेदी शस्त्रं, आहेत, ते आपण त्यांना वाहून नेताना पाहिलेलं असतं. ते शस्त्र साठ-शंभर मीटरवरून चालतं. अंधार पडलेला, गाडा जागचा हलत नाही, आतल्यांना चारी बाजू दिसत नाहीत. तरी सैनिक मशिनगनसमोर धावत राहतात. मला हा भाग पटत नाही आणि पटवून घ्यायचीही गरज वाटत नाही. पण शेवटची नोंद वेगळी करा. नॉर्मन तळाच्या झाकणातून बाहेर पडतो. शर्मनमध्ये ते झाकण सहायक ड्रायव्हरच्या जागेच्या मागंच असतं. म्हणजे वाचायची वाट त्याच्याच हाताशी होती, ते ओढूनताणून जुळवलेलं नाही.

त्याआधी पान्झरफाउस्टचा एक मारा बुरूज भेदून लोडरला मारतो. काका त्या वेळी काही बोलत नाहीत. एकदा, सिनेमा संपल्यावर, खडूच्या वर्तुळात डावीकडं उभं राहून त्यांनी दाखवलं होतं. त्यांच्या शर्मनला बुरुजावर एकच झाकण, कमांडरच्या डोक्यावर. आग लागली तर आधी कमांडर, मग गनर, आणि लोडरनं तोफेखालून सरपटत पलीकडं जाऊन सगळ्यात शेवटी. फ्यूरीच्या बुरुजावर मात्र दोन झाकणं आहेत. कुठलाही नवा सिनेमा लावला की काका चष्मा पुसतात, पुढं वाकतात आणि पहिली गोष्ट तीच शोधतात, लोडरला स्वतःचं झाकण आहे का.